फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी मागून सरकते तेव्हा दोष कुठून शोधायला लागायचं

ओल्या रस्त्यावर, रोजच्याच वळणावर, गाडीचं मागचं अंग एकदा निसटलं की पुढे कित्येक दिवस प्रत्येक वळण धास्तीनं घेतलं जातं. मी त्यातून गेलो आहे. पुढचे दोन टायर पार गोटा झाले होते, म्हणून दोन नवे घेतले आणि पुढेच बसवून घेतले. मागच्यांची नक्षी बरी दिसत होती, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही. पहिल्या जोरदार पावसात, वळणात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि मागचा भाग बाहेर फेकला गेला. कुणाला लागलं नाही. त्यानंतर मी शॉकॲब्सॉर्बर बदलले, अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळवणी) दोनदा करून घेतली, एक बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातला रबरी भाग) बदलला आणि सगळ्यात शेवटी टायरकडे वळलो. दोष तिथेच होता.

क्रम उलटा लागला की पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे तेवढे दिवस आपण बिघडलेलीच गाडी चालवत राहतो. म्हणून खाली लिहिलेलं शक्यतो त्याच क्रमानं करा. बहुतेक पायऱ्यांना हवेचं गेज, नक्षीची खोली मोजायचं गेज, टॉर्च आणि एक वही एवढंच लागतं.

मागची चाकं करतात काय

या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं पुढे असतं. गाडी रिकामी असताना साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागे ४० टक्क्यांच्या आसपास उरतं. गाडी ओढायची पुढच्यांनी, वळवायची पुढच्यांनी, ब्रेकचा मोठा भारही पुढच्यांनीच सोसायचा. मागच्यांनी फक्त मुकाट मागोमाग यायचं. पुढच्या चाकांचं काय चाललंय ते स्टिअरिंगमधून हाताला सतत कळत असतं. मागच्यांचं फक्त सीटमधून कमरेला कळतं आणि तेही उशिरा. त्यामुळे मागचा बिघाड महिनोन् महिने लपून राहू शकतो.

वळणात पाय उचलला किंवा ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं. आधीच हलकी असलेली मागची चाकं आणखी हलकी होतात. टायर रस्त्यावर जितका दाबलेला, तितकी त्याची पकड. दाब कमी झाला, पण बाजूचा जोर तोच राहिला, तर मागचा भाग बाहेर सरकतो. गाडी आपण वळवली त्याहून जास्त वळते. याला ओव्हरस्टिअर म्हणतात. याच्या उलट, स्टिअरिंग वळवूनही पुढची चाकं सरळच घसरत गेली तर तो अंडरस्टिअर. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्या कारखान्यातून मुद्दाम थोड्या अंडरस्टिअरकडे झुकलेल्या येतात, कारण सामान्य ड्रायव्हरला तो सावरायला सोपा जातो. अशी गाडी जर मागून सुटत असेल, तर काहीतरी मूळच्यापेक्षा बदललेलं आहे असं समजून शोध सुरू करायला हरकत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. जोरात घेतलेल्या वळणात काही लहान गाड्यांचं आतल्या बाजूचं मागचं चाक रस्त्यापासून चक्क उचललं जातं. फोटोत ते पाहून घाबरू नका. पुढच्या टायरवरचा ताण कमी व्हावा म्हणून मागचं सस्पेन्शन झुकण्याला कडक ठेवलेलं असतं, त्याचा तो परिणाम आहे. त्या वेळी काम बाहेरचं चाक करत असतं.

पहिली पायरी: कधी सरकते ते लिहून काढा

पाना हातात घेण्याआधी वही घ्या. “गाडी मागून हलते” एवढ्यावर कुणालाच दोष सापडत नाही. “ओल्या रस्त्यावर, फक्त डाव्या वळणात, पाय उचलल्यावर” असं सांगता आलं तर अर्धं काम तिथेच झालं. मी स्वतःला पाच प्रश्न विचारतो. रस्ता ओला होता की कोरडा? वळण डावं होतं की उजवं, की दोन्हींकडे सारखंच होतं? त्या क्षणी पाय कशावर होता? रस्ता सपाट होता की खडबडीत? गाडीत किती माणसं आणि सामान होतं?

उत्तरांवरून दिशा मिळते. फक्त ओल्यात, पण दोन्हीकडे सारखंच होत असेल तर संशय टायरवर. एकाच बाजूच्या वळणात होत असेल तर मागच्या चाकांच्या कोनावर, किंवा एका बाजूच्या बुशवर, बेअरिंगवर, स्प्रिंगवर. सपाट रस्त्यावर ठीक, पण वळणातल्या खाचखळग्यांवर मागचा भाग बाजूला उड्या मारत जात असेल तर शॉकॲब्सॉर्बर. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर मागचे ब्रेक. सरळ रस्त्यावर, वारा लागल्यावर किंवा मोठं वाहन शेजारून गेल्यावर गाडी मागून डुलत असेल तर टायरमधली हवा, बुश किंवा टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर झुकण्याचा कोन.

आणखी एक लक्षण बारकाईनं ओळखण्यासारखं आहे. वळणात शिरताना पुढचा भाग वळतो, मग क्षणभर थांबून मागून एक धक्का आल्यासारखा मागचा भाग बसतो. गाडी दोन तुकड्यांत वळल्यासारखी वाटते. हे बहुधा मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना धरणाऱ्या भागाच्या, बुशचं काम असतं. टायर घसरला की पकड एकदम जाते आणि परत येते. बुशच्या बाबतीत पकड जात नाही, उशीर जाणवतो. हा फरक एकदा कमरेला कळला की पुन्हा विसरत नाही.

हे तपासण्यासाठी रहदारीच्या रस्त्यावर गाडी मुद्दाम घसरवून पाहू नका. आठवून लिहा, आणि नेहमीच्या, बेताच्या वेगात जे जाणवतं तेवढंच टिपा. सरकण्याचा अनुभव घ्यायचाच असेल तर तो बंद मैदानावर, शिकवणारा माणूस शेजारी बसवून घ्यावा.

दुसरी पायरी: टायर

इथे वेळ घाला. माझ्या पाहण्यात मागून सरकण्याच्या तक्रारी बहुतेक वेळा इथेच मिटतात, आणि ही पायरी जवळपास फुकट आहे.

हवेपासून सुरुवात करा. गाडी निदान दोनतीन तास उभी असताना, टायर थंड असताना मोजा. चालवून आल्यावर मोजलेला आकडा जास्तच दिसतो, आणि तो पाहून हवा काढली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो. बाहेरचं तापमान साधारण ५ ते ६ अंश सेल्सिअसनं उतरलं की हवा सुमारे १ पीएसआय कमी होते. ऋतू बदलताना पुन्हा मोजायचं ते याचसाठी. योग्य आकडा टायरच्या कडेवर शोधू नका. तिथे टायरची कमाल मर्यादा लिहिलेली असते. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनटाकीच्या झाकणामागच्या पट्टीवर असतो.

त्या पट्टीवर बऱ्याचदा दोन आकडे असतात: एक रोजच्या वापरासाठी, दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. दुसऱ्यात मागच्या चाकांची हवा बरीच वाढवलेली असते. सहलीला निघताना ती वाढवतात आणि परत आल्यावर उतरवायची राहून जाते. मग रिकाम्या, हलक्या मागच्या भागाखाली टणक फुगलेले टायर येतात, त्यांचा रस्त्याला टेकणारा भाग आकसतो आणि खड्ड्यावरून ते टुणटुण उडतात. उलट मागची हवा फार कमी असेल तर टायरच्या बाजू वळणात लवतात आणि गाडी आळसावल्यासारखी उशिरा सावरते. डावा-उजवा फरकही पाहा. एका मागच्या टायरमध्ये दर आठवड्याला हवा कमी होत असेल तर पंक्चर किंवा व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय पुढच्या कुठल्याही पायरीला अर्थ नाही.

मग नक्षी. प्रत्येक टायरवर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी खोली मोजा. नक्षीच्या मुख्य खाचांत लहान आडवे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिमी. टायर तिथवर झिजला की तो संपला; अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादाही तीच आहे. पण पावसासाठी मी ३ मिमीच्या खाली वाट पाहत नाही. खाचांचं काम पाणी बाजूला काढून देणं. त्या उथळ झाल्या की टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि रस्ता सोडतो. आतली कड मोजायला विसरू नका. मागच्या चाकांचा कोन चुकला असेल तर झीज नेमकी आतल्या कडेला होते, आणि बाहेरून पाहिलं तर टायर नवाकोरा दिसतो. खाली वाकून, टॉर्च मारून, हातानं चाचपा. तारा बाहेर आलेल्या असू शकतात, म्हणून हातमोजा घाला.

तिसरी गोष्ट वय, आणि या गाड्यांत ती सगळ्यात फसवी. मागच्या टायरना काम कमी, म्हणून ते हळू झिजतात. पुढचे दोनदा बदलून झाले तरी मागचे मूळचेच राहतात. नक्षी भरपूर, पण रबर वाळून कडक झालेलं. कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात रुतत नाही; ओल्या आणि थंड रस्त्यावर ते प्लास्टिकसारखं घसरतं. टायरच्या कडेवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार अंक असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. ही चार अंकी पद्धत २०००पासूनची आहे. तीनच अंक दिसले तर तो टायर त्याआधीचा आहे, आजच काढून टाका. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे बाहेरून न दिसल्यास आतल्या बाजूला शोधा. मी पाच-सहा वर्षांनंतर टायरकडे दर वर्षी संशयानं पाहतो आणि दहा वर्षांचा टायर, कसाही दिसला तरी, वापरत नाही. खाचांच्या तळाशी किंवा कडेवर केसासारख्या भेगा दिसल्या तर वय मोजायचीही गरज उरत नाही.

चौथी गोष्ट जोडी. एकाच ॲक्सलवरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच प्रकारचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत. एका बाजूला पावसाळी नक्षीचा, दुसऱ्या बाजूला इंधन वाचवणाऱ्या कडक रबराचा, अशी जोडी असेल तर गाडी डाव्या आणि उजव्या वळणात वेगळी वागणारच. फिरण्याची दिशा सांगणारा बाण असेल तर तो बरोबर आहे का पाहा. लहान आकाराची तात्पुरती स्टेपनी मागे लावून कुणी आठवडाभर फिरत असेल तर त्याला निदानाची नाही, पंक्चर काढण्याची गरज आहे.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतो तो मुद्दा. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे बसवा आणि मागचे, ते चांगल्या अवस्थेत असतील तर, पुढे आणा. “ओढतात पुढची चाकं, मग चांगले टायर मागे का?” हा प्रश्न मीही विचारला होता. पुढची पकड सुटली तर स्टिअरिंग हलकं पडतं, गाडी बाहेरच्या बाजूला जाऊ लागते आणि पाय अलगद सैल करून वेग उतरवला की ती बहुधा सावरते. मागची पकड सुटली तर सावरायला क्षण-दोन क्षण मिळतात, आणि त्या क्षणी घाबरून आपण नेमकं चुकीचं करतो: पाय झटक्यात काढतो किंवा ब्रेक मारतो. पाण्यात तर फरक आणखी मोठा. पुढचे खोल नक्षीचे टायर पाणी कापत निघतात, ड्रायव्हरला सगळं ठीक वाटतं, तो वेग उतरवत नाही आणि मागचे झिजलेले टायर त्याच वेगात पाण्यावर तरंगू लागतात. दुकानात कुणी “पुढेच लावू” म्हणालं तर शांतपणे पण ठामपणे नाही म्हणा.

टायरवर संशय पक्का करायची सोपी युक्ती म्हणजे अदलाबदल. पुढची जोडी मागे, मागची पुढे, हवा पट्टीप्रमाणे, आणि दुसरं काहीही न बदलता काही दिवस जपून चालवा. तक्रार टायरबरोबर पुढे गेली, म्हणजे आता गाडी मागून न सुटता पुढून घसरू लागली, तर दोष सापडला. मागचीच राहिली तर पुढच्या पायरीला जा. मात्र झिजलेली जोडी पुढून काढून मागे टाकायची असेल तर हा प्रयोग करू नका; गाडी आणखी धोकादायक होईल.

तिसरी पायरी: कुणी काय बदललंय

जुनी गाडी घेतली असेल तर हे आधी पाहा. उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग, मागचा जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी), चाकं बाहेर काढणारे स्पेसर, मूळ मापाहून रुंद टायर. मागचा बार जाड केला की गाडी वळायला तरतरीत वाटते, पण ती तरतरी मागच्या बाहेरच्या टायरच्या पकडीतून काढून घेतलेली असते. कोरड्यात मजा, ओल्यात मागचा भाग सुटतो. असं काही सापडलं तर मूळ भाग परत लावून मगच पुढचं निदान करा. डिकीतलं कायमचं ओझं आणि टपावरचं कॅरिअरही या यादीत येतं.

चौथी पायरी: गाडी उचलून पाहणं

इथे जीवाची गोष्ट आहे, म्हणून थांबून वाचा. बहुतेक फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागचा भाग उचलला की तीच चाकं हवेत जातात, म्हणजे हँडब्रेक गाडीला धरत नाही. सपाट, टणक जागा घ्या, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओंडके किंवा ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये. जॅक फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या जागी लावा. मागच्या आडव्या बीमखाली लावून तो वाकवू नका. उचलल्यावर भार स्टँडवर द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

आधी चाक दोन्ही हातांनी, एक हात वर आणि एक खाली, असं धरून आत-बाहेर हलवा. मग डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा. पुढच्या चाकात दुसऱ्या हालचालीत स्टिअरिंगच्या सांध्यांचा खेळ मिसळतो, मागे तो प्रश्न नाही. चाक खटखटलं तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा सांधा सैल आहे. हँडब्रेक सोडून चाक फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग, फिरताना जड वाटलं तर ब्रेक चिकटतोय. दोन्ही मागची चाकं एकापाठोपाठ फिरवून तुलना करा, म्हणजे नेहमीचं किती आणि जास्त किती ते कळतं.

बेअरिंगचा आवाज आणि टायरचा आवाज यांची गल्लत फार होते. मागच्या टायरवर उंचसखल लाटा पडल्या की तो बेअरिंगसारखाच घोंगावतो, आणि हलक्या मागच्या चाकांवर अशा लाटा सहज पडतात. टायर पुढे नेल्यावर आवाजही पुढे गेला तर बेअरिंग निर्दोष आहे.

शॉकॲब्सॉर्बरची जुनी चाचणी म्हणजे गाडीचा कोपरा दाबून सोडणं. एकदा वर येऊन स्थिर झाला तर ठीक, झुलत राहिला तर शॉक गेला. झुलला तर या चाचणीवर विश्वास ठेवा, पण नाही झुलला म्हणून शॉक चांगला आहे असं मानू नका. अर्धवट गेलेला शॉक हातानं कळत नाही. शॉकच्या नळीवर तेल ओघळलंय का पाहा. नुसती धूळ बसलेली ओलसर झाक फारशी चिंतेची नाही, पण ओघळ दिसला तर शॉक संपला. टायरवरच्या लाटा हा दुसरा पुरावा. शॉक बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम. एकाच बाजूचा नवा घातला तर एका जागी दोन वेगळ्या गाड्या जोडल्यासारखं होतं.

स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं पाहा. तुटतं ते बहुधा तिथेच, आणि तुकडा बशीत अडकून राहिल्यानं बाहेरून लक्षात येत नाही. सपाट जागी दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. डावं-उजवं ठळक वेगळं आलं तर स्प्रिंगकडे बोट जातं.

आता बुश. बऱ्याच लहान फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत मागे ट्विस्ट बीम असतो: दोन्ही चाकांना जोडणारा, पिळला जाणारा एक आडवा तुकडा, दोन मोठ्या रबरी बुशांवर गाडीला अडकवलेला. ही रचना १९७४ साली आलेल्या पहिल्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये होती, आणि स्वस्त, आटोपशीर, डिकीला जागा मोकळी सोडणारी असल्यानं आजही ती टिकून आहे. हे बुश चाकांच्या पुढच्या बाजूला असतात. वळणात रस्ता मागच्या चाकांना आतल्या बाजूला ढकलतो. बुश ढिले असतील तर अख्खा बीम थोडा फिरतो आणि मागची चाकं वळणाच्या उलट दिशेला तोंड करतात. थोडक्यात, मागचा ॲक्सल स्वतःच स्टिअरिंग करू लागतो, आणि तेही ओव्हरस्टिअरच्या दिशेनं. मघाशी सांगितलेला उशिराचा धक्का हाच. रबरात आरपार भेगा, धातूपासून सुटलेली कड, एका बाजूला सरकलेला मधला बोल्ट, अशा खुणा शोधा. लांब पट्टी घालून हलकेच उचकून पाहिलं तर खेळ दिसतो. काही बुशांत मुळातच पोकळ्या ठेवलेल्या असतात, त्या पाहून फसू नका. गुळगुळीत कडेची पोकळी मूळची, वेडीवाकडी फाट बिघाडाची.

मल्टी-लिंक सस्पेन्शन असेल तर प्रत्येक बाजूला तीन-चार दांडे आणि त्यांचे दुप्पट बुश. तपासायची पद्धत तीच, वेळ जास्त.

पाचवी पायरी: मागचे कोन

टायर आणि सांधे ठीक असल्याची खात्री झाल्याशिवाय अलाइनमेंटला जाऊ नका. सैल बुशावर मोजलेला कोन दुसऱ्या दिवशी वेगळा असतो.

चारही चाकांची मोजणी मागा. अनेक ठिकाणी फक्त पुढची दोन चाकं जुळवून देतात. मागची मोजणी कागदावर, आधीची आणि नंतरची, दोन्ही घ्या. पाहायची मुख्य गोष्ट टो: वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे झुकलेली म्हणजे टो-इन, एकमेकांपासून दूर म्हणजे टो-आउट. मागच्या चाकांना सहसा थोडं टो-इन दिलेलं असतं, त्यानं मागचा भाग सरळ राहतो. मागे टो-आउट झालं की सरळ रस्त्यावरही गाडी चंचल होते आणि लेन बदलताना मागचा भाग झटका देतो.

कागदावरची एक फसवणूक समजून घ्या. समजा डाव्या चाकाचं टो-इन ०.२५ अंश आहे आणि उजव्याचं टो-आउट ०.१० अंश. बेरीज ०.१५ अंश, दिसायला सुरेख. पण दोन्ही चाकं उजवीकडेच तोंड करून आहेत. या दोघांचा मिळून जो रोख तयार होतो त्याला थ्रस्ट अँगल म्हणतात, आणि तो इथे ०.१७५ अंश येतो. अशा गाडीत सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागतं. डाव्या वळणात भार येतो तो उजव्या, टो-आउट झालेल्या चाकावर, म्हणून डावीकडे ती अस्थिर आणि उजवीकडे बरी वागते. वहीत “फक्त डाव्या वळणात” लिहिलेलं असेल तर कागदावर हे आधी शोधा. एकूण टो पाहून समाधान मानू नका, प्रत्येक चाकाचं स्वतंत्र पाहा.

घरी अंदाज घ्यायचा तर गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर, एकमेकींना समांतर दोऱ्या ताणा आणि दोरीपासून मागच्या रिमच्या पुढच्या व मागच्या कडेचं अंतर मोजा. ४०० मिमी व्यासाच्या रिमवर १ मिमीचा फरक म्हणजे सुमारे ०.१४ अंश. मशीनची जागा ही रीत घेत नाही, पण मोठा घोटाळा असेल तर दिसतो.

ट्विस्ट बीमवर बहुतेक गाड्यांत टो फिरवायची सोयच नसते. कोन चुकला असेल तर बीम किंवा चाकाचा स्टब (चाक ज्यावर बसतं तो आखूड दांडा) कुठेतरी आपटून वाकलेला असणार, बहुधा फुटपाथच्या कडेवर सरकून. काही ठिकाणी स्टबमागे पातळ पाचर घालून कोन दुरुस्त करतात. झीज किंवा लहानसा फरक असेल तर ते चालतं. बीम वाकला असेल तर तो तापवून सरळ करू देऊ नका, बदला.

सहावी पायरी: मागचे ब्रेक

तक्रार फक्त ब्रेक लावताना असेल तर ही पायरी टायरनंतर लगेच घ्या. मागचं चाक पुढच्याआधी अडकलं तर गाडी फिरते, म्हणून मागच्या ब्रेकला मुद्दाम कमी जोर दिला जातो. जुन्या गाड्यांत हे काम मागच्या ॲक्सलला दांडीनं जोडलेला व्हॉल्व्ह करतो. गाडीत ओझं वाढलं की मागचा भाग खाली बसतो आणि व्हॉल्व्ह मागे जास्त जोर सोडतो. ती दांडी वाकली, गंजून अडकली, किंवा गाडीची उंची कमी केली, तर व्हॉल्व्हला गाडी कायम भरलेलीच वाटते आणि रिकाम्या गाडीला मागे नको तितका ब्रेक लागतो. नव्या गाड्यांत तेच काम एबीएसचं, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं, युनिट करतं. तिथे एबीएसचा दिवा पेटलेला असेल तर सेन्सरपासून सुरुवात करा.

ड्रम असतील तर व्हील सिलिंडरमधून झिरपलेलं ब्रेक ऑइल लायनरवर आलंय का पाहा. एका बाजूचा लायनर भिजला की दोन्ही बाजू वेगवेगळा ब्रेक लावतात. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेच्या झोतानं उडवू नका, ओल्या कपड्यानं पुसा. चिकटणारा ब्रेक ओळखायचा तर थोडं फिरून येऊन, ब्रेक फारसा न वापरता गाडी थांबवा आणि चाकांचं तापमान दुरून मोजणाऱ्या थर्मामीटरनं पाहा. दोन्ही मागच्या चाकांत ठळक फरक असेल तर गरम चाकाकडे वळा. हात लावून पाहू नका, भाजतं.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग तोच रस्ता, तेच ओझं, तशाच हवामानात चालवून वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशानं ते कळणार नाही, आणि तोच दोष परतला की पुन्हा पहिल्यापासून.

डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला दिवा असेल तर त्याकडे लक्ष ठेवा. तो इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचा. १९९५ साली पहिल्यांदा गाडीत आलेली ही यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी सरळ करते, आणि म्हणूनच मागचा बिघाड झाकूनही टाकते. बेताच्या वेगात, साध्या वळणावर तो दिवा लुकलुकत असेल तर पकड कुठेतरी सुटते आहे आणि यंत्रणा तुमच्या नकळत सावरते आहे. दुरुस्तीनंतर त्याच वळणावर तो शांत राहिला तर दोष गेला.

तोवर, निदान पूर्ण होईपर्यंत, वळणाच्या आधीच वेग उतरवा आणि वळणात पाय स्थिर ठेवा. तरीही मागचा भाग सुटलाच तर जिथे जायचंय तिकडे नजर ठेवा, स्टिअरिंग तिकडे वळवा, ॲक्सिलरेटर झटक्यात सोडू नका आणि ब्रेकवर उडी मारू नका. मागचा भाग सावरू लागला की स्टिअरिंगही लगेच सरळ करायला लागा. ते उशिरा सरळ केलं तर गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते, आणि तो दुसरा झटका पहिल्याहून जोराचा असतो.